कॅथलीन क्लार्कवर सोपवलेलं काम

नमस्कार मंडळी. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यावर कादंबऱ्या भरपूर आल्यात आणि बहुतेकींत तेच असतं, डब्लिनचं बंडखोरांनी ताब्यात घेतलेलं पोस्ट ऑफिस, बंदुका, पहाटे भिंतीशी उभे केलेले तरुण. ते सगळं घडलंय, खोटं काही नाही. पण आज मला बोलायचंय एका बाईबद्दल, जिला 1916 च्या डब्लिनच्या उठावात मागे थांबायचं काम दिलं होतं. दिलं होतं म्हणजे संघटनेनं रीतसर नेमलं होतं तिला.

कॅथलीन लिमरिकची, डेली घराण्यातली. तिचे काका जॉन डेली इंग्रजांच्या तुरुंगात वर्षानुवर्षं काढून आलेले आणि तिथेच त्यांच्यासोबत होता टॉम क्लार्क. टॉम 1883 ते 1898 अशी 15 वर्षं आत होता, तिथं बोलायला बंदी, रात्री नीट झोपू द्यायचे नाहीत, बरोबरच्या काही कैद्यांना तर वेड लागलं. असा माणूस सुटून आला, वयानं हिच्याहून वीसेक वर्षांनी मोठा, हातात पैसा नाही, आणि ही त्याच्या प्रेमात पडली. 1901 मध्ये न्यूयॉर्कला लग्न झालं, आणि लग्नात टॉमचा बेस्ट मॅन होता जॉन मॅकब्राइड, त्यालाही पुढे 1916 मध्येच गोळी घातली. 1907 ला हे आयर्लंडला परतले, डब्लिनमध्ये तंबाखू आणि वर्तमानपत्रांचं छोटंसं दुकान टाकलं. गिऱ्हाईक म्हणून कोण कोण यायचं ते पोलिसांनाही माहीत होतं.

उठाव ठरला तेव्हा टॉम ज्यात पुढारी होता त्या आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुड या गुप्त संघटनेनं एक विचार केला, की आपण सगळे मेलो किंवा पकडले गेलो तर पुढे सूत्रं कोण जुळवणार? म्हणून कुठल्या गावात कुणाशी संपर्क करायचा ती सगळी माहिती कॅथलीनला देऊन ठेवली, आणि मागे राहणाऱ्या कुटुंबांसाठी 3100 पौंड तिच्या ताब्यात दिले. म्हणजे नवरा मरणार हे गृहीत धरून आखलेल्या प्लॅनमध्ये तिचं काम नवरा मेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होणार होतं. मला हे वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाही. घरात तीन मुलगे, त्यांना लिमरिकला पाठवून दिलं, आणि हे सगळं पोटात ठेवून ती रोजचा संसार करत होती.

24 एप्रिल 1916, ईस्टरचा सोमवार, उठाव झाला आणि शनिवारी शरणागती. जवळजवळ 500 माणसं गेली त्यात, निम्म्याहून जास्त साधे नागरिक. (त्याच आठवड्यात, 28 एप्रिलला, बेळगावात टिळकांची होमरूल लीग उभी राहिली, होमरूलची मागणी मुळात आयर्लंडचीच. आणि टिळक मंडालेला असतानाच 1912 मध्ये इकडे सत्यभामाबाई गेल्या होत्या, तेव्हा घरच्यांनी काय मोजलं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.)

कॅथलीनलाही पकडून डब्लिन कॅसलमध्ये ठेवलं होतं. 2 मेच्या रात्री तिथून किलमेनम तुरुंगात नेलं, नवऱ्याला शेवटचं भेटायला. टॉमला बंदुकीची गोळी चालणार होती, तुरुंग मात्र परत नको होता, आणि ते तिनं समजून घेतलं. ते दोघं बोलले ते पुढच्या कामाचं आणि मुलांचं. तिला दिवस गेले होते आणि तिनं त्याला ते सांगितलं नाही. जाताना त्याच्यावर आणखी एक ओझं कशाला, एवढाच विचार. 3 मेच्या पहाटे टॉमला गोळ्या घातल्या.

दुसऱ्या रात्री पुन्हा तोच तुरुंग. या वेळी तिचा भाऊ नेड, वय फक्त 25, इतक्या बहिणींच्या पाठीवर झालेला एकुलता एक भाऊ, तोही वडील गेल्यानंतर जन्मलेला. या वेळी सोबत दोन बहिणी होत्या. त्याच रात्री त्याच तुरुंगात ग्रेस गिफर्डचं उठावातला आणखी एक नेता जोसेफ प्लंकेट याच्याशी लग्न लागलं, आणि 4 मेला पहाटे जोसेफ आणि नेड दोघंही गेले. प्रेतं घरच्यांना दिली नाहीत, डब्लिनमध्येच आर्बर हिलच्या लष्करी तुरुंगाच्या आवारात चुन्यात पुरली. लिमरिकला अंथरुणाला खिळलेले काका जूनअखेर वारले. आणि कॅथलीनचं ते बाळ, ज्याच्याबद्दल टॉमला कधी कळलंच नाही, तेही गेलं.

आता इथून थोडं मी कल्पनेनं सांगते, कारण कागदपत्रांत हे येत नाही. एक बाई दारात आलीये, कडेवर पोर, नवरा पकडून इंग्लंडला नेलेला, घरभाड्याचे तीन हप्ते थकलेत. कॅथलीन वहीत नाव लिहून घेते, मुलं किती, भाडं किती, आणि पैसे मोजते. ती बाई विचारते, तुमचे कुठे आहेत, कोणत्या जेलमध्ये? कॅथलीन नोटा परत एकदा मोजते, कारण चूक झाली तर पुढच्या घराला कमी पडतील, आणि मग सांगते.

साडेतीन हजारांच्या आसपास लोक पकडले होते, तेव्हा अशा किती जणी आल्या असतील बघा. 1917 मध्ये अशा कुटुंबांना मदत करणाऱ्या फंडाला सेक्रेटरी हवा होता आणि कॅथलीनच्या पसंतीनं नेमला गेला एक सव्वीस वर्षांचा, नुकताच सुटून आलेला पोरगा, मायकेल कॉलिन्स. जपून ठेवलेली ती संपर्काची माहिती तिनं त्याच्या हातात दिली. पुढे कॉलिन्सनं इंग्रजांविरुद्ध जे हेरांचं जाळं विणलं त्यातले पहिले धागे इथले, आणि माझं म्हणणं आहे की हे त्याच्या गोष्टीत नेहमी एका ओळीत उरकतात.

नंतर 1918 ला तिला पुन्हा अटक, लंडनच्या हॉलोवे जेलमध्ये कितीतरी महिने. मग 1922 च्या जानेवारीत ब्रिटनशी झालेल्या तहावर आयरिश संसदेत मतदान झालं, कॉलिन्स तहाच्या बाजूनं, कॅथलीन विरोधात. ऑगस्टमध्ये कॉलिन्स मारला गेला, आयरिश माणसांच्याच गोळीनं. 1939 मध्ये ती डब्लिनची पहिली महिला लॉर्ड मेयर झाली आणि 1972 मध्ये, वयाच्या 94 व्या वर्षी, लिव्हरपूलला मुलाकडे वारली, हो, इंग्लंडमध्येच.

श्रोत्यांपैकी कुणी या लढ्यावर गोष्ट लिहिणार असेल तर माझी एक विनंती आहे, पोस्ट ऑफिसपासून सुरुवात करू नका. मे महिना उलटून गेलाय, बंदुका थंड झाल्यात, आणि फंडाच्या वहीत पुढचं नाव लिहायचंय, तिथून सुरू करा.