मान्सा मुसाचे सोने आणि जेलींचा सुंजाता : माली साम्राज्य कोणी कसे लक्षात ठेवले?

नमस्कार. 'इतिहासातील सर्वांत श्रीमंत माणूस' या मथळ्याखाली मान्सा मुसाचे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते. पश्चिम आफ्रिकेतील माली साम्राज्याचा हा मान्सा, म्हणजे राजा, 1312 ते 1337 या काळात गादीवर होता. 1324 मध्ये हजला जाताना तो कैरोत थांबला आणि तिथे त्याने एवढे सोने वाटले की बाजारात सोन्याचाच भाव उतरला. सुमारे 12 वर्षांनंतर लिहिणाऱ्या अल्-उमरी या अरबी ग्रंथकाराची नोंद अशी, की पूर्वी 25 दिरहमच्या, म्हणजे चांदीच्या नाण्यांच्या, खाली न जाणारा सोन्याचा मिस्काल (सोने तोलण्याचे एक वजन) तोवरही 22 च्या वर सरकत नव्हता. त्याची संपत्ती डॉलरमध्ये मोजून सांगणारे व्हिडिओ मात्र शांतपणे बाजूला ठेवावेत, कारण तसा हिशेब करण्याजोगे साधन कोणापाशीच नाही.

आता खरा प्रश्न. ज्या मांडिंका लोकांनी हे साम्राज्य उभारले, त्यांच्या पिढीजात कथागायकांच्या, म्हणजे जेलींच्या, आख्यानांत या मुसाला फारसे स्थान नाही. ते गातात त्याच्या आधीच्या, सुमारे 1235 मध्ये राज्य स्थापन करणाऱ्या सुंजाता केइताला. एकाच साम्राज्याच्या या दोन आठवणी इतक्या वेगळ्या का, हे आज पाहू.

(पडद्यावर नकाशा)

नायजर नदीच्या उगमाकडील खोरे, म्हणजे आजच्या गिनी आणि माली या देशांच्या सीमेवरचा प्रदेश, मांदेन म्हणून ओळखला जातो. जवळच बुरे येथे सोन्याच्या खाणी होत्या. उत्तरेकडचे घाना राज्य दुबळे झाल्यावर ही पोकळी प्रथम सोसो राज्याने भरली, आणि त्याचा राजा सुमांगुरू कांते हा सुंजाताच्या कथेतील प्रतिनायक. कथेनुसार तो लोहारांच्या कुळातला आणि मंत्रविद्येत पारंगत होता.

सुंजाताचा जन्म राजाच्या दुसऱ्या पत्नीच्या, सोगोलोनच्या पोटी झाला, आणि हे मूल कित्येक वर्षे चालूच शकले नाही. एकदा सोगोलोन कालवणासाठी गोरखचिंचेचा पाला मागायला सवतीकडे गेली, तेव्हा सासुमा बेरेतेने तिला हिणवले की माझा मुलगा मला पाला तोडून आणतो, तुझ्या मुलाला तर उठताही येत नाही. आई रडत घरी आली. मुलाने लोखंडाची कांब मागवली, तिचा आधार घेऊन तो उभा राहिला, त्या जोराने कांब धनुष्यासारखी वाकली, आणि मग त्याने गोरखचिंचेचे अख्खे झाड उपटून आईच्या दारात आणून लावले.

पुढे सासुमाचा मुलगा दांकरान तुमान गादीवर बसला आणि सोगोलोनला मुलांसह परागंदा व्हावे लागले. त्यांना दूर मेमाच्या राजाने आश्रय दिला. सुमांगुरूने मांदेन उद्ध्वस्त केल्यावर त्यांच्या शोधात निघालेल्या दूतांनी मेमाच्या बाजारात मांदेनमध्येच मिळणारा पाला आणि मसाले मांडून ठेवले. सुंजाताच्या बहिणीने ते ओळखले आणि शोध संपला. किरिनाच्या लढाईआधी सुमांगुरूच्या बळाचे गुपित फुटले होते. पांढऱ्या कोंबड्याची नखी लावलेला बाण त्याला चाटून गेला आणि त्याची शक्ती सरली.

अपमानाचा पाला आणि सुटकेचाही पाला. माझ्या मते या आख्यानाची ताकद अशा बांधणीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ राहणारी कथा तारखांच्या नव्हे, वस्तू आणि नाती यांच्या आधाराने टिकते.

ही कथा जपणाऱ्या गायकांना पूर्वेकडे जेली आणि गांबिया-सेनेगलच्या बाजूला जाली म्हणतात. लोहार आणि चर्मकार यांच्याप्रमाणे त्यांचीही जन्माने ठरणारी जात असते. त्यांचे सामाजिक स्थान मोठे चमत्कारिक आहे : ते सरदार नव्हेत, राज्य करू शकत नाहीत, पण राजाच्या तोंडावर त्याच्या पूर्वजांचा हिशेब मांडण्याचा अधिकार त्यांनाच असतो. वंशावळी सांगणे, लग्ने जुळवणे, भांडणे मिटवणे ही कामेही त्यांचीच. मुख्य निवेदक प्रत्येक ओळ सोडतो आणि दुसरा माणूस 'नामू' म्हणून तिला होकार देतो. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी 'जी जी रं जी' धरतात, तसेच काहीसे. साथीला बलाफोन हे लाकडी पट्ट्यांचे वाद्य असते, किंवा कोरा हे भोपळ्यावर गाईचे कातडे ताणून केलेले, साधारणतः 21 तारांचे वाद्य.

केइता राजकुळाचे जेली म्हणजे कुयाते. त्यांचा मूळपुरुष बाला फासेके सुमांगुरूच्या कैदेत असताना त्याने राजाचे खासगी बलाफोन चोरून वाजवले, आणि पकडला गेल्यावर त्याच वाद्यावर राजाची अशी स्तुती गायली की प्राण वाचले. गिनीतील न्यागासोला गावी कुयाते घराण्याने आजवर जपलेले 'सोसो बाला' हेच ते वाद्य, अशी त्यांची परंपरा सांगते. दीड मीटर लांबीच्या आणि 20 पट्ट्यांच्या या वाद्याला हात लावण्याचा मान घराण्यातील वडीलधाऱ्या पुरुषाचा असतो आणि ते ठरावीक प्रसंगीच वाजते. 2001 मध्ये युनेस्कोनेही त्याची दखल घेतली.

मग हे सारे कल्पित आहे का? नाही. इब्न खल्दून या अरब इतिहासकाराने चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्या भागातील एका जाणकाराकडून ऐकून मालीच्या राजांची यादी नोंदवली. तीत सोसोंना जिंकणारा मारी जाता येतो, त्याची 25 वर्षांची कारकीर्द येते. हाच सुंजाता. त्या यादीत पाला नाही, कोंबडा नाही आणि आईही नाही.

त्याहून मोलाची साक्ष इब्न बतूताची. भारतात असताना आपल्या दौलताबादलाही येऊन गेलेला हा प्रवासी 1352 मध्ये मान्सा सुलेमानच्या दरबारी पोहोचला. तेथे त्याने भोपळे बांधलेले, काठ्यांनी वाजवायचे वाद्य पाहिले. पिसांचे अंगरखे आणि लाल चोचीचे लाकडी मुखवटे घातलेले कवीही पाहिले. त्यांच्या सोंगाची त्याला गंमत वाटली, पण त्यांचे बोल त्याने नीट टिपले : या आसनावर अमुक राजा बसला आणि त्याने अमुक सत्कृत्य केले, तूही असे काही कर की जे तुझ्यामागे सांगितले जाईल.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या बोलांतच आहे, असे मला वाटते. कैरोच्या लेखकाला मुसा भेटला तो पाहुणा म्हणून; त्याला दिसले सोने, दान आणि चलनाचा भाव. जेलीला मात्र श्रोत्यांसमोर बसून सांगायचे असते की केइता, कुयाते, त्राओरे, कोने ही कुळे एकमेकांची कोण लागतात, कोणी कोणाची थट्टा करायची आणि कोणी कोणाला आश्रय द्यायचा. त्या नात्यांचा उगम सुंजाताच्या काळात दाखवला जातो, मुसाच्या यात्रेत नव्हे. उलट काही परंपरांत खजिना परदेशी उधळल्याचा ठपकाच मुसावर आहे. फाजिगी नावाच्या एका यात्रेकरूची कथा मात्र आहे. तो मक्केहून मंत्रशक्तीने भारलेल्या वस्तू घेऊन येतो, आणि तिच्यात मुसाच्या यात्रेचा अंश असावा, असे काही अभ्यासक मानतात.

याच कारणासाठी मौखिक परंपरा हाताळताना सावधपणाही हवा. किरिनाच्या विजयानंतर कुरुकान फुगा येथे सभा भरली आणि समाजाचे नियम ठरले, असे जेली सांगतात; 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत 'मांदेन सनद' आलीही. पण इंटरनेटवर फिरणारा, 44 कलमांचा क्रमवार मसुदा 1998 मध्ये गिनीतील कांकान येथे जेली आणि अभ्यासक यांच्या बैठकीतून तयार झाला. त्याला तेराव्या शतकातील लिखित राज्यघटना म्हणणे चूक, आणि निव्वळ बनाव म्हणणेही तितकेच चूक. जुन्या स्मृतीला आधुनिक कायद्याचा साचा दिला गेला, एवढेच नेमके म्हणता येते.

मालीची सत्ता ओसरली तरी जालींचे काम थांबले नाही. सुंजाताचा सेनापती तिरामाखान त्राओरे पश्चिमेला गेला, असे सांगून ते काबू राज्याची सुरुवात मांदेनशी जोडतात. आजच्या गिनी-बिसाऊतील कानसाला ही काबूची राजधानी गिनीतील फुता जालोन या डोंगराळ भागाच्या फुलानी सैन्याने 1860 च्या दशकात वेढली, तेव्हा शेवटचा मान्सा जांके वाली याने दारूगोळ्याच्या कोठाराला आग लावून स्वतःसह मोठे शत्रुसैन्य संपवले. या पराभवाची गाणी गांबियात आणि सेनेगलच्या कासामान्स भागात आजही कोऱ्यावर गायली जातात. सुंजाताचे आख्यान मात्र सर्वांसाठी सदैव खुले नसते. मालीतील कांगाबा येथे कामाब्लोन या पवित्र घराचे छप्पर दर सात वर्षांनी नव्याने शाकारले जाते. त्या सोहळ्यात केला गावचे दियाबाते जेली घराच्या आत रात्रभर मांदेनचा इतिहास म्हणतात, आणि तो पाठ गाव ऐकते ते बाहेर बसूनच.