रोहिणीच्या सरींपासून काजूच्या हंगामापर्यंत

[दृश्य: मे महिन्याची अखेर. जांभ्या दगडाचा उघडा सडा, करपलेले गवत, कोरडा वहाळ.]

मे महिन्याच्या अखेरीस सह्याद्रीच्या आणि कोकणाच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, उभे राहिले, तर या जमिनीत काही जिवंत असेल असे वाटत नाही. जांभा दगड तापलेला असतो, गवताची राख व्हायची तेवढी बाकी असते आणि वहाळांच्या पात्रांत चार-दोन डबकी उरलेली असतात. तरीही या दगडाच्या भेगांत, पातेऱ्याखाली (गळलेल्या पानांच्या थराखाली) आणि सुकलेल्या चिखलात असंख्य बिया, कंद, अंडी आणि अळ्या आपला जीवनव्यापार आवरून राहिलेल्या असतात. ओल येण्याचा दिवस थोडा जरी पुढे-मागे झाला, तरी त्यांचे सारे गणित बदलते. हेच गणित पुढे माणसाच्या आरोग्यापर्यंत कसे पोहोचते, ते या चित्रफितीत आपण पाहणार आहोत.

रोहिणी नक्षत्राच्या वळवाच्या सरी पडू लागल्या की भंडारदरा, पुरुषवाडी आणि राजमाचीच्या परिसरात काजवे दिसू लागतात. हिरडा, बेहडा, उंबर अशा झाडांवर हजारो नर एका तालात प्रकाशतात आणि माद्या त्या प्रकाशाला उत्तर देतात. मिलनाचा हा काळ नेमका पावसाच्या तोंडावर येण्यामागे कारण आहे. काजव्यांची अंडी टिकण्यासाठी ओल लागते आणि त्यांच्या अळ्या प्रामुख्याने गोगलगायींवर जगतात. पावसाळा सुरू झाल्यावरच या दोन्ही गोष्टी मुबलक मिळतात. ज्या प्रकाशावर नर-मादीची भेट अवलंबून असते, तो प्रकाश पर्यटकांच्या गाड्यांच्या आणि मोबाइलच्या दिव्यांत हरवतो. वर्षभराच्या वाढीनंतर या किड्यांना मिलनासाठी मोजकेच दिवस मिळतात. त्या दिवसांत तरी माणसाने जंगलात दिवे लावू नयेत, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

[दृश्य: पहिला मोठा पाऊस. आंबोलीचा सडा. डबक्यांत बेडकांची अंडी.]

मृगाचा पाऊस लागला की सड्यांवरच्या खळग्यांत पाणी साचते. आंबोलीच्या परिसरात आढळणारा आणि जगात इतरत्र कोठेही नोंद नसलेला आंबोली टोड हा बेडूक अशाच उथळ, तात्पुरत्या पाण्यात अंडी घालतो. 2009 साली ही जात विज्ञानाला स्वतंत्रपणे ज्ञात झाली. उथळ डबक्यात बेडूकमाशांना खाणारे मासे नसतात, हा तेथे अंडी घालण्याचा फायदा आहे. पावसाने मध्येच दडी मारली आणि डबके आटले, तर मात्र त्यातील सारी पिल्ले मरून जातात. मोसमी पावसात पडणारा खंड शेतकऱ्याला जसा परवडत नाही, तसाच तो या प्राण्यालाही परवडत नाही.

याच दिवसांत नदीतील मासे प्रवाहाच्या उलट दिशेने निघतात आणि वहाळांतून, पाटांतून थेट भातखाचरांपर्यंत येतात. कोकणात त्यांना चढणीचे मासे म्हणतात. उथळ, कोमट आणि सूक्ष्मजीवांनी भरलेल्या पाण्यात त्यांची पिल्ले लवकर वाढतात. परंतु गाभोळीने (अंड्यांनी) भरलेल्या माद्या नेमक्या याच वेळी सर्वांत सहज पकडल्या जातात, आणि पूर्वी दोन वेळच्या कालवणापुरती होणारी ही मासेमारी आता बारीक जाळी लावून केली जाते. समुद्रावर निदान कायद्याचा आधार आहे. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिकी नौकांना बंदी असते आणि त्या काळात अनेक जातींच्या माशांना प्रजननासाठी उसंत मिळते. गोड्या पाण्यातील माशांसाठी असा संयम गावानेच ठरवून पाळावा लागतो.

[दृश्य: कास पठार. गेंद, सोनकी, सीतेची आसवे.]

साताऱ्याजवळचे कास पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर उंचीवर आहे आणि 2012 पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळाचा भाग आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळातील तेथील फुलांची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली आहेत, परंतु त्या फुलांमागचे दारिद्र्य फारसे कोणी पाहत नाही. दगडावर मातीचा थर अत्यंत पातळ असतो आणि मुसळधार पाऊस त्यातील नत्र वाहून नेतो. म्हणून सीतेची आसवे ही नाजूक जांभळी वनस्पती आपल्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातील बारीक जीव पकडते आणि दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी कीटक धरते. बहुतेक वनस्पतींना उगवण्यापासून बी धरण्यापर्यंतचे सारे आयुष्य तीन-चार महिन्यांत उरकावे लागते. ज्या पावलांखाली फूल चिरडले जाते, त्यांच्याखाली पुढच्या वर्षीचे बीही जाते.

[दृश्य: भातलावणी. चिखलात रुतलेले पाय, पाठीवर इरले.]

ज्या ओलीने एवढे जीवन उभे राहते, तिच्यातच रोगजंतूही तग धरतात. आषाढात लावणी सुरू होते, तेव्हा शेताच्या बांधांतील उंदरांच्या बिळांत पाणी शिरते आणि उंदीर, घुशी उंच जागा शोधत गोठ्याकडे आणि घराकडे सरकतात. लेप्टोस्पायरा हा जिवाणू त्यांच्या मूत्रपिंडात राहतो, मूत्रावाटे चिखलात उतरतो आणि ओलसर मातीत अनेक दिवस जिवंत राहतो. दिवसभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाची कातडी पाण्याने मऊ झालेली असते, तिला भेगा आणि जखमा असतात, आणि जिवाणूला आत शिरण्यासाठी तेवढी वाट पुरते. थंडी वाजून ताप, पोटऱ्यांत असह्य वेदना आणि लाल डोळे ही सुरुवातीची लक्षणे होत. दुर्लक्ष झाल्यास कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात आणि रुग्ण दगावू शकतो. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत याच आजाराची मोठी साथ शहराने अनुभवली. पुराच्या पाण्यातून चाललेल्यांना किंवा लावणी करणाऱ्यांना वैद्यकीय सल्ल्याने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात, त्या याचसाठी. लावणीच्या मजुराला ताप आला तर तो अंगमेहनतीचा ताप आहे असे समजून घरी थांबण्यात मोठा धोका आहे.

उंदरांच्या मागोमाग सापही येतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी जातींपैकी फुरसे कोकणच्या सड्यांवर विशेष आढळते. ते आकाराने लहान असल्यामुळे गवत कापताना किंवा दगड उचलताना सहसा दिसत नाही. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशाची वेदना इतकी थोडी असते की पुष्कळदा दंश झाल्याचे कळतही नाही. खाटेवर झोपणे, मच्छरदाणी गादीखाली खोचणे आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तातडीने पोहोचणे, एवढ्याने अनेक जीव वाचतात.

[दृश्य: ऑक्टोबरचे ऊन. कापणीला आलेले भात, उंच गवत.]

शरद ऋतू ही वैद्यांची आई आणि वसंत हा त्यांचा बाप, अशा अर्थाचे एक संस्कृत वचन जुने वैद्य सांगत असत. आधुनिक रोगनिदानाच्या कितीतरी आधीचे हे निरीक्षण आजही लक्ष देण्यासारखे आहे. पाऊस ओसरताना उन्हाची तिरीप वाढते, साचलेल्या पाण्यात डास वाढतात आणि डेंग्यूचे रुग्ण वाढू लागतात. उंच वाढलेल्या गवतातील माइट्स या सूक्ष्म जीवांच्या अळ्या चावल्याने स्क्रब टायफस हा ताप होतो. 2018 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर परिसरात त्याची साथ आली होती. चावलेल्या जागी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली धरते. काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली ती लपलेली असल्यामुळे डॉक्टरांनी मुद्दाम शोधली नाही तर नजरेतून सुटते. निदान वेळेवर झाले तर साधे, स्वस्त प्रतिजैविक पुरेसे होते, म्हणूनच या आजारातील मृत्यू अधिक खटकतात.

या ऋतूच्या सीमाही आता सरकत आहेत. भारतीय हवामान विभागाने 2020 साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख 29 सप्टेंबरऐवजी 8 ऑक्टोबर झाली. ओल जितकी लांबते, तितका डासांना वाढीसाठी अधिक वेळ मिळतो.

हेमंतात हवा कोरडी होते आणि प्रवासी जीव पुढे निघतात. वाऱ्याचा आधार घेत भटके चतुर हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जातात, आणि अमूर ससाणे त्याच सुमारास महाराष्ट्रावरून त्याच दिशेने उडत जातात.

[दृश्य: फेब्रुवारी-मार्च. काजूची बाग, झाडाखाली पातेरा, पडलेली बोंडे.]

आता वसंताकडे येऊ. सिंधुदुर्गातील सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांत, तसेच गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, काजूच्या हंगामात माकडतापाचे रुग्ण आढळू लागले, त्याला आता दशकभराहून अधिक काळ होत आला आहे. 1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात या तापाचा विषाणू प्रथम ओळखला गेला. तो गोचिडींतून पसरतो, आणि तो नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर का उसळतो याचे उत्तर गोचिडीच्या जीवनक्रमात आहे. पावसाळ्यात प्रौढ गोचिडी गुराढोरांच्या अंगावर असतात. पाऊस संपल्यावर त्यांच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या उंदरांसारख्या लहान प्राण्यांचे रक्त पितात. त्यानंतरची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी बाल्यावस्था साधारण डिसेंबर ते मे या काळात कोरड्या पातेऱ्यात सर्वाधिक असते, आणि माणसाला मुख्यतः तीच चावते. माणसाचे कामही याच महिन्यांत त्याच पातेऱ्यात असते. काजू बी वेचणे, राब (भाताच्या रोपांची जागा) भाजण्यासाठी पाला गोळा करणे, सरपण आणणे, ही सारी कामे वाकून, पुष्कळदा अनवाणी केली जातात. त्यामुळे एखादे कुटुंब रोजच्या मजुरीसाठी जेथे जाते, तेथेच रोग असतो.

अचानक चढणारा तीव्र ताप, डोकेदुखी, अंगातील प्रचंड वेदना आणि काहींना नाक-हिरड्यांतून रक्तस्राव ही या तापाची लक्षणे होत. रुग्णांपैकी साधारण 3 ते 5 टक्के दगावतात. हा आजार एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकण्याचे कोणतेही कारण नाही. या विषाणूवर खास औषध नाही आणि पूर्वी दिली जाणारी लस पुरेशी परिणामकारक ठरली नाही. म्हणून पायांत बूट, अंगभर कपडे, गोचीड प्रतिबंधक तेल आणि कामावरून परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ यांवरच सध्या भिस्त ठेवावी लागते.

एक इशारा मात्र जंगल स्वतः देते. माणसात ताप येण्याआधी अनेकदा माकडे आणि वानरे मरू लागतात. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी जमिनीवर उतरतात आणि ती जागा कित्येक दिवस धोक्याची राहते. म्हणून मृत माकडाला हात न लावता वन विभागाला आणि आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे. त्या जागेभोवती साधारण 50 फुटांपर्यंत कीटकनाशक फवारले जाईपर्यंत तेथे कोणी काजू वेचायला जाऊ नये, आणि त्या दिवसांची मजुरी बुडणाऱ्या कुटुंबाचा विचार प्रशासनाने सूचना देतानाच करावा.