मरण आधीच ठाऊक असतं तेव्हा

मित्रहो, सुरुवात एका थिएटरातून करते. एप्रिल २०१८, पुणे. ‘ॲव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ संपत आला होता. खलनायक थॅनॉसने जगातले अर्धे जीव संपवणारी चुटकी वाजवली आणि पडद्यावरची माणसं एकामागून एक राख होऊन उडायला लागली. शेजारी माझ्या बहिणीचा मुलगा बसला होता, बारा वर्षांचा. ब्लॅक पँथर गेला, डॉक्टर स्ट्रेंज गेला, याचं पॉपकॉर्न चालू होतं. मग तो पोरगेला स्पायडरमॅन अडखळत टोनी स्टार्ककडे, म्हणजे आयर्न मॅनकडे, आला, त्याला घट्ट धरून ‘मला जायचं नाहीये’ म्हणायला लागला, आणि याचा हात पुडक्यातच राहिला. जरा वेळाने माझ्या कानाशी आला. ‘मावशी, हा परत येणार. याच्या पुढच्या पिक्चरची तारीख लागलीये.’ बोलताना त्याचा गळा दाटून आला होता.

मला तेव्हापासून या दोन गोष्टींनी धरून ठेवलंय. पोराला सगळं माहीत होतं. आणि पोराला रडू येत होतं.

सुपरहिरोंच्या चित्रपटांवर सर्रास एक आक्षेप घेतला जातो: शेवट आधीच कळतो, कोण मरणार तेही कळतं, मग पाहायचं काय? मला हा आक्षेप पटत नाही. आपण कीर्तनात बसतो, बुवा अभिमन्यूचं आख्यान लावतात. तो चक्रव्यूहातून बाहेर येणार नाही हे मांडवातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, तरी मांडव स्तब्ध होतो. शेवट माहीत असणं हा गोष्टीचा दोष नाही. दोष दुसरीकडे आहे, आणि तो चित्रपटांच्याही आधी कॉमिक्समध्ये शिरला.

१९८८ सालची गोष्ट. बॅटमॅनच्या अंकात त्याचा साथीदार, दुसरा रॉबिन जेसन टॉड, जोकरच्या स्फोटात सापडतो. तो जगावा की मरावा हे प्रकाशकांनी वाचकांवर सोपवलं. दोन फोन नंबर दिले, एका कॉलला ५० सेंट. मरावा म्हणणारे ५३४३, जगावा म्हणणारे ५२७१. अवघ्या ७२ मतांनी पोरगा गेला. आता सांगा, याहून अनपेक्षित मृत्यू कुठला? छापून येईपर्यंत कुणालाच खात्री नव्हती. पण जेसन स्वतःच्या कुठल्या निर्णयामुळे मेला नाही, बाहेरच्या हिशोबाने मेला. म्हणून त्याला परत आणणंही तितकंच सोपं गेलं; २००५ मध्ये तो रेड हूड होऊन आला. सुपरमॅनचं तेच. नोव्हेंबर १९९२ मध्ये त्याच्या मृत्यूचा अंक काळ्या पाकिटात बंद होऊन आला, आत दंडाला बांधायची काळी पट्टीसुद्धा होती. लोकांनी रांगा लावून घेतला. पुढच्याच वर्षी सुपरमॅन हजर. त्यानंतर वाचक कुठल्याही मृत्यूला शोक करण्याआधी विचारायला लागला, ‘कधी परत येतोय?’ माझ्या भाच्याच्या तोंडी आलेलं ‘हा परत येणार’ तिथलंच आहे.

आता ‘इन्फिनिटी वॉर’चा पुढचा भाग, २०१९ चा ‘एंडगेम’ घ्या. टोनी स्टार्क मरणार हे किती जणांनी आधीच ओळखलं होतं! अकरा वर्षं तो या सगळ्या गाड्याचं इंजिन होता. गाडी थांबवायची तर कुणाला उतरवणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तरी थिएटरात लोक हुंदके देत होते. का?

माझं उत्तर असं आहे की तो मृत्यू सात वर्षं आधी मांडून ठेवलेला होता. २०१२ च्या पहिल्या ‘ॲव्हेंजर्स’मध्ये कॅप्टन अमेरिका टोनीला तोंडावर सुनावतो: तारेवर आडवं पडून दुसऱ्याला आपल्या अंगावरून पलीकडे जाऊ देणाऱ्यांतला तू नाहीस. टोनी म्हणतो, मी तारच कापून टाकेन. हुशार माणसाचं उत्तर. त्याच चित्रपटात तो क्षेपणास्त्र खांद्यावर घेऊन आभाळातल्या भोकात शिरतो, पण तिथूनही वाचतो. मग ‘एंडगेम’चं ते शेवटचं रणांगण. राखेतून परत आलेला डॉक्टर स्ट्रेंज लांबून त्याच्याकडे बघतो आणि फक्त एक बोट वर करतो. एक कोटी चाळीस लाखांहून जास्त भविष्यं त्याने पाहिलीत, जिंकायची वाट एकच, आणि ती टोनीच्या मरणातून जाते. टोनीचा चेहरा बघा त्या क्षणी. आता कापायला तार नाही. घरी चार-पाच वर्षांची मुलगी आहे, जगातले अर्धे जीव गेले त्यानंतरच्या पाच वर्षांत त्याला मिळालेली. त्याला गमवायला काही नव्हतं तेव्हा हा प्रसंग आला असता, तर एवढा लागला नसता. आपल्याला काय होणार ते ठाऊक असतं; त्याला ठाऊक व्हायचा क्षण आपण पाहतो, आणि काळजात कळ तिथे येते.

अंत्यविधीनंतर टोनीचा जुना सोबती हॅपी त्या छोट्या मुलीला विचारतो, तुला काय खायचंय? ती म्हणते, चीजबर्गर. २००८ मध्ये अफगाणिस्तानातल्या कैदेतून सुटून आल्यावर तिच्या बापाने पहिल्यांदा तेच मागितलं होतं. हॅपी एवढंच सांगतो की तुझ्या बाबांना चीजबर्गर आवडायचे. एक ओळ. मी तिसऱ्यांदा पाहिला तेव्हाही तिथे चष्मा काढावा लागला.

याच चित्रपटावर माझा राग आहे तोही सांगते. नताशाचा, म्हणजे ब्लॅक विडोचा, मृत्यू. वॉर्मिर या ग्रहावरचा जादुई दगड जिवलगाचा जीव दिल्याशिवाय मिळत नाही; तिथल्या कड्यावर ती आणि तिचा मित्र क्लिंट, दोघंही एकमेकांना ढकलून स्वतः मरायला धडपडतात. प्रसंग फार सुंदर बांधलाय. पण तिच्यासाठी तळ्याकाठची चार वाक्यं, आणि संपलं. टोनीला पुष्पचक्र, रांगेने उभे सगळे हिरो. तिचा स्वतंत्र चित्रपट आला तो २०२१ मध्ये, तोही आधीच्या काळातला. त्याच कड्यावरून आधीच्या चित्रपटात थॅनॉसने आपली मानलेली मुलगी गमोरा हिला फेकलं होतं. एकाच दगडासाठी दोन बायका. हे लिहिणाऱ्यांच्या लक्षात यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

गमोरा मात्र एका अर्थाने नीट परत आणली. परत आली ती काळ ओलांडून आलेली २०१४ सालातली, आपला प्रियकर क्विलला न ओळखणारी. २०२३ च्या तिसऱ्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’मध्ये तो तिला जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगत राहतो, आणि शेवटी ती आपल्या माणसांकडे निघून जाते. तिच्या परत येण्याने मेलेली गमोरा जिवंत झाली नाही. त्याच चित्रपटात रॉकेट हा बोलणारा रॅकून मरणार अशी सगळ्यांनी मनाची तयारी केली होती. तो वाचला, आणि कुणाचीही फसवणूक झाल्यासारखी वाटली नाही, कारण त्याचं लहानपण, पिंजऱ्यातले त्याचे मित्र, त्यांचं मरण हे सगळं आपण भोगून आलेलो असतो.

जुलै २०२४ मध्ये सॅन डिएगोला मंचावर मुखवटा काढून टोनीचं काम करणारा रॉबर्ट डाउनी ज्युनिअर समोर आला, आयर्न मॅन म्हणून नव्हे, डॉक्टर डूम हा खलनायक म्हणून. माझ्या भाच्याने रात्री फोन केला. आता कॉलेजात आहे, आवाज फुटलाय. म्हणाला, ‘मावशी, चेहरा तोच असला तरी चालेल. पण तो टोनी असायला नको. त्या मुलीला काय सांगणार मग?’