पहिला स्मार्टफोन घेताय? आधी रिचार्जचा हिशेब मांडा

नमस्कार मंडळी. घरात आई, बाबा, आजी, नाहीतर कामाला येणाऱ्या ताई, कोणीतरी अजून बटणांचाच फोन वापरतंय आणि आता त्यांना पहिला स्मार्टफोन घेऊन द्यायचाय, हे ज्यांच्या घरी चाललंय त्यांच्यासाठी आजचा व्हिडिओ. वापर माफक. फोन लावायचा, व्हॉट्सॲपवर नातवंडांचे फोटो बघायचे, मधूनमधून व्हिडिओ कॉल, भाजीवाल्याला यूपीआयनं पैसे, महावितरणचं बिल. बस.

आपल्या नागपुरात बर्डीवर कुठल्याही मोबाइलच्या दुकानात जा, पहिला प्रश्न येतो, "बजेट किती, भाऊ?" आपण म्हणतो नऊ-दहा हजार, आणि मग सगळी चर्चा त्या नऊ-दहा हजारांभोवती फिरत राहते. फोनचे पैसे एकदाच जातात. रिचार्जचे दर महिन्याला जातात. त्यामुळे मी उलट्या टोकानं सुरू करणार आहे.

[स्क्रीनवर: 28 दिवस × 13 = 364 दिवस]

बहुतेक प्लॅन 28 दिवसांचे असतात. म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. आता जुलै 2024 च्या दरवाढीनंतरचे जिओचे दोन प्लॅन घेऊ. एक 349 रुपयांचा, रोज 2 जीबी डेटा. दुसरा 189 चा, पूर्ण 28 दिवसांसाठी मिळून 2 जीबी. कॉल दोन्हीत अमर्याद.

[स्क्रीनवर: 349 × 13 = 4,537 रुपये; 189 × 13 = 2,457 रुपये]

वर्षाला 2,080 रुपयांचा फरक. फोन चार वर्षं चालला तर 8,320 रुपये. ज्या फोनसाठी आपण दुकानात पाचशे रुपये कमी करा म्हणून अर्धा तास घासाघीस करतो, तो जवळजवळ अख्खा फोनच रिचार्जमध्ये निघून जातो! दर बदलत राहतात, तुम्ही बघाल तेव्हा आकडा वेगळा असेल. पण गुणाकार असाच करायचा, तेरानं. आणि हे लहान प्लॅन कंपनीचं ॲप उघडल्याबरोबर समोर दिसत नाहीत. खाली सरकत जा, यादीच्या पार तळाशी शोधा. दुकानातून रिचार्ज करत असाल तर "सगळ्यात लहान कोणता आहे" असं स्पष्ट विचारा.

28 दिवसांसाठी 2 जीबी पुरतो का? रोजचे साधारण 70 एमबी पडतात. व्हॉट्सॲपचे मेसेज, थोडे फोटो, यूपीआय, बिल, यांना भरपूर झाले. यूट्यूबला मात्र पुरत नाहीत. साध्या 480 पी क्वालिटीवर तासभर व्हिडिओ बघितला तरी पाव ते अर्धा जीबी सहज उडतो. आईला रोज दुपारी तासभर कीर्तन बघायचं असेल तर हा प्लॅन आठवड्याभरातच संपेल, आणि मग तिच्यासाठी मोठा प्लॅनच योग्य. तिची आवड मारून पैसे वाचवा असं मी अजिबात म्हणत नाही. आधी विचारा, मग ठरवा.

घरात वायफाय असेल तर चित्रच बदलतं. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नियम केला की कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले प्लॅनही द्यायलाच हवेत. जानेवारी 2025 मध्ये ते आले. त्या वेळचे दोन आकडे बघा: एअरटेलचा 1,849 रुपयांचा, 365 दिवस. जिओचा 1,748 चा, 336 दिवस. वरवर जिओ शंभर रुपयांनी स्वस्त. दिवसांनी भागा. एअरटेल दिवसाला 5 रुपये 7 पैसे, जिओ 5 रुपये 20 पैसे. महाग दिसणारा स्वस्त निघाला! प्लॅनची किंमत बघायचीच नाही, दिवसाचा भाव बघायचा. फक्त एक ध्यानात ठेवा, या प्लॅनवर घराबाहेर पडलं की नेट बंद. ज्यांना इतवारीत खरेदी करताना यूपीआय लागतं, त्यांच्यासाठी हा नाही.

आणि कंपनी कोणती? ज्या खोलीत माणूस जास्त बसतो त्या खोलीत ज्या कंपनीची रेंज चांगली, ती. शेजाऱ्याचा फोन घेऊन घरात दोन कॉल लावून बघा. गाव काटोल, उमरेड, रामटेककडे असेल तर तिथेही विचारून घ्या.

आता फोन. मॉडेलचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण या किमतीतली मॉडेलं काही महिन्यांत बदलतात आणि हा व्हिडिओ तुम्ही वर्षभरानंतर बघत असाल.

[फोन हातात घेऊन]

डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, "8 जीबी रॅम". खाली बारीक अक्षरात, "4 अधिक 4". रॅम म्हणजे फोन चालू कामं ज्यात ठेवतो ती मेमरी. यातली खरी रॅम पहिली चारच. दुसरे चार स्टोरेजमधून उसने घेतलेले आहेत. ओट्यावर जागा नाही म्हणून चालू स्वयंपाकाची भांडी माळ्यावर ठेवावीत, तसं ते. भांडं मिळतं, पण दर वेळी शिडी लावावी लागते. म्हणून दुकानदाराला विचारायचं, "खरी रॅम किती?" माफक वापराला 4 जीबी खरी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज, याच्या खाली मी जाऊ देणार नाही. 2 जीबीचा फोन दीड हजारानं स्वस्त मिळतो, पण वर्षभरात अडखळायला लागतो, आणि नव्यानं शिकणाऱ्या माणसाला वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. फोन हळू असतो आणि आजी स्वतःला दोष देते.

कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर वेळ घालवू नका. विचारा ते अपडेटबद्दल, सिक्युरिटीचे आणि नव्या अँड्रॉइडचे, किती वर्षं मिळणार? जुन्या अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप चालणं बंद होतं. 2025 लागताच अँड्रॉइड 5 च्या खालच्या फोनवर ते बंद झालं. बँकांची ॲपही तशीच. कमी किमतीत दोन वर्षांचंच वचन देणारे पुष्कळ आहेत, पण तेवढ्यावर समाधान मानायची गरज नाही. सॅमसंगनं 2025 मध्ये दहा-साडेदहा हजारांच्या आसपास आणलेल्या गॅलक्सी ए06 5जीला चार वर्षांच्या सिक्युरिटी अपडेटचं आश्वासन दिलं होतं. म्हणजे मागितलं तर मिळतं.

5जी हवाच का? जिओ आणि एअरटेलचा अमर्याद 5जी डेटा जुलै 2024 पासून रोज 2 जीबी आणि त्यावरच्या प्लॅनलाच मिळतो. आपण लहान प्लॅन घेणार, तर तो फायदा आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. त्याच पैशात 5जी आणि जास्त वर्षांचे अपडेट यांपैकी एकच मिळत असेल, तर मी अपडेट घेईन. मात्र फोनमध्ये व्होल्टी (VoLTE), म्हणजे 4जीवरूनच कॉल लागण्याची सोय, हवीच, कारण जिओला 2जी-3जी नेटवर्कच नाही. बीएसएनएल घ्यायचा विचार असेल तर 700 मेगाहर्ट्झचा बँड, म्हणजे बँड 28, फोनमध्ये आहे का तेही तपासा. त्यांचं 4जी त्यावरही चालतं.

आता आपल्या नागपूरच्या दोन परीक्षा. दुकानातला डेमो फोन घ्या आणि परवानगी काढून दाराबाहेर उन्हात या. स्क्रीनवरचा नंबर वाचता येतो का? स्वस्त फोनच्या स्क्रीन दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये सुरेख दिसतात आणि मे महिन्याच्या उन्हात आरशासारख्या होतात. दुसरी, रिंग पूर्ण मोठी करून ऐका. चार महिने घरात कूलर चालतो, त्या आवाजात ती ऐकू यायला हवी. आणि उन्हाळ्याचंच सांगते, फोन गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. 35 अंशांच्या वरची हवा फोनच्या बॅटरीला मानवत नाही आणि आपण 45 च्या घरात राहतो. चार्जिंग सकाळी लवकर किंवा रात्री केलेलं बरं.

बिल पक्कं घ्या, त्यावर आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, हवा. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा, तोच नंबर दिसला पाहिजे. सर्व्हिस सेंटर नागपुरातच आहे ना, हे पैसे देण्याआधी विचारा.

जुना फोन घेत असाल तर आणखी एक काम. मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत केवायएम (KYM) लिहा, जागा सोडून 15 आकडी आयएमईआय लिहा आणि 14422 ला पाठवा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीपासून वापरात असं आलं, तर तो फोन घेऊ नका, कितीही ओळखीचा माणूस विकत असला तरी.

कंपनी बदलायची असेल तर नंबर तोच राहतो. इंग्रजीत पोर्ट (PORT) लिहून, जागा सोडून तुमचा नंबर, आणि 1900 ला पाठवा. कोड येतो, तो चार दिवस चालतो. मात्र सध्याच्या कंपनीकडे 90 दिवस झालेले हवेत. आणि पोर्ट सुरू असताना यूपीआय लावायला बसू नका. यूपीआय सुरू करताना फोन बँकेशी जोडलेल्या सिमवरूनच एक एसएमएस पाठवतो. सिम दुसऱ्या फोनमध्ये असेल किंवा एसएमएस जात नसेल, तर गाडी तिथेच अडते.

फोन घरी आला की पहिल्याच संध्याकाळी तुम्ही स्वतः बसून तीन गोष्टी करून द्या. अक्षरं मोठी करा. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा, नाहीतर सगळ्या ग्रुपांचे "शुभ सकाळ" मिळून तो 2 जीबी खाऊन टाकतील. यूट्यूबची क्वालिटी डेटा सेव्हरवर ठेवा.

मग त्यांच्याजवळ बसा आणि दोन वाक्यं त्यांच्याकडून म्हणवून घ्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. आणि व्हॉट्सॲपवर चलान, योजना, लग्नपत्रिका अशा नावानं एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप घालणारी फाइल, आली तर ती उघडायची नाही. त्यातूनही पैसे गेलेच तर रडत बसायचं नाही, कोणापासून लपवायचं नाही, लगेच 1930 ला फोन लावायचा. तो नंबर सायबर मदत या नावानं आत्ताच सेव्ह करा, त्यांच्या फोनमध्येही आणि तुमच्याही.