एकट्याचं दस्तऐवजीकरण : आधी मांडायचा हिशेब

एकट्याने दस्तऐवजीकरणाचं, म्हणजे लोकांच्या आठवणी मुलाखतींतून नोंदवून जपण्याचं, काम हाती घेणारा माणूस भेटला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : रेकॉर्डर कुठला घेऊ? तो विषय आधीच मिटवून टाकतो. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट या दर्जाची वेव्ह (आवाज न आवळता साठवणारी) फाइल करणारा कुठलाही साधा रेकॉर्डर चालेल. बाहेरून लावायचा बरा माइक घ्या, आणि ध्वनिमुद्रण चालू असताना हेडफोन कानावरच ठेवा. पैसे कमी असतील तर रेकॉर्डरमध्ये वाचवा, माइकमध्ये नको. आता मुद्द्यावर येऊ.

समजा, तुम्हाला चाळीस वयस्क लोकांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. प्रत्येकी दीड तास म्हणजे एकूण 60 तासांचं ध्वनिमुद्रण. ऐकायला आटोपशीर वाटतं. पण हे बोलणं शब्दशः उतरवून काढायला, आवाज स्पष्ट असला आणि हाताला सवय असली तरी, एका तासामागे चार तास लागतात. दोघं एकदम बोलत असतील, बोली ओळखीची नसेल, तर त्याहून जास्त. आपण पाच धरू. झाले 300 तास. उतरवलेलं पुन्हा ऐकून तपासायला 60, आणि प्रत्येक मुलाखतीची नोंद, नावं, तारखा, सूची यांसाठी एकेक तास म्हणजे 40. ध्वनिमुद्रणाचे 60 तास सोडून बेरीज 400. नोकरी सांभाळून आठवड्याला सहा तास मिळत असतील, तर हे काम 67 आठवड्यांचं आहे. यात एकही प्रवास नाही, आजारपण नाही, आणि मुलाखतीच्या दिवशी समोरच्या घरी पाहुणे आले म्हणून परत फिरणंही नाही.

जमवणं दिसतं, म्हणून आपण त्याचाच अंदाज बांधतो. पुढचं काम हिशेबातच येत नाही. एडवर्ड कर्टिस या छायाचित्रकाराचं उदाहरण यासाठी मला फार बोलकं वाटतं. अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजांची नोंद वीस खंडांत करायची त्याची योजना होती. 1906 मध्ये बँकर जे. पी. मॉर्गन यांनी पाच वर्षांत 75,000 डॉलर द्यायचं कबूल केलं. पण ते पैसे क्षेत्रकामापुरते होते. छपाई आणि वर्गणीदार मिळवणं कर्टिसने स्वतः बघायचं होतं, आणि त्याला पगार नव्हता. विसावा खंड निघाला 1930 मध्ये. तोवर त्याचा संसार मोडला होता आणि कामाचे हक्कही त्याच्या हातात उरले नव्हते. बरं, त्याच्याजवळ मदतनीस तरी होते.

हल्ली यावर कुणीतरी हटकून म्हणतं की उतरवण्याचं काम आता यंत्र करतं. करतं, प्रमाण भाषेत, शांत खोलीत. म्हाताऱ्या माणसाची बोली, गावांची आणि माणसांची नावं आली की ते आत्मविश्वासाने चुकतं, आणि अशी सफाईदार चूक शोधायला वेळ जातो. शिवाय कुणाचं तरी खाजगी बोलणं परक्या कंपनीच्या सर्व्हरवर चढवायची परवानगी तुम्ही घेतली आहे का, तेही आधी बघा.

साठवणुकीची काळजी मात्र लोक गरजेपेक्षा जास्त करतात. सांगितलेल्या दर्जाचा स्टिरिओ आवाज तासाला साधारण एक जीबी होतो. आपले 60 तास म्हणजे बासष्ट-त्रेसष्ट जीबी; तीन प्रती केल्या तरी दोनशे जीबीच्या आत. व्हिडिओ घेतलात की चित्र पालटतं. सेकंदाला 50 मेगाबिट धरले तर तासाला साडेबावीस जीबी, आणि तीन प्रती चार टीबीच्या घरात. पण व्हिडिओला माझा खरा आक्षेप वेगळा आहे. एकटा माणूस चौकट, उजेड, फोकस बघणार, की समोरच्याच्या डोळ्यांत बघून ऐकणार? नृत्य, हस्तकला, हातवारे हाच विषय असेल तर इलाज नाही. नाहीतर आवाज आणि काही स्थिरचित्रं पुरतात.

आता जोखमींकडे वळू. लाल-पिवळ्या-हिरव्या चौकोनांचे तक्ते अनुदानाच्या अर्जात शोभतात. एकट्या माणसाने प्रत्येक बाबीसमोर एवढंच लिहावं : हे बिघडलं तर परत मिळेल का? पैसे संपले, काम थांबेल, पुन्हा सुरू होईल. माइक मोडला, दुसरा येईल. नव्वदीतला निवेदक, म्हणजे मुलाखत देणारा माणूस, गेला, तर संपलं. एकुलती एक हार्ड डिस्क बंद पडली, तरी संपलं. निवेदकाच्या बाबतीत उपाय म्हणजे मुलाखतींचा क्रम. सोयीचा माणूस आधी न धरता सर्वांत थकलेला आधी. डिस्कच्या बाबतीत छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम पाळायचा : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. आणि अधूनमधून त्यातली एखादी फाइल खरोखर उघडून शेवटपर्यंत ऐकायची.

परत न मिळणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे दिलेला शब्द. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने 2001 पासून उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघर्षातल्या माणसांच्या मुलाखती जमवल्या. तुम्ही हयात आहात तोवर हे बाहेर जाणार नाही, असं त्यांना सांगितलं होतं. 2011 मध्ये ब्रिटिश तपासासाठी कायदेशीर समन्स आलं, आणि खटला लढूनही काही ध्वनिफिती पोलिसांच्या हाती गेल्या. एका मोठ्या शिक्षणसंस्थेला जे राखता आलं नाही, ते तुम्ही एकटे राखाल असं लिहून देऊ नका. संमतीपत्रात 'गुप्त राहील' हा शब्दच नको. नुसतं जतन करायचं, नावासह प्रसिद्ध करायचं, की नाव झाकून, की अमुक सालानंतर, हे वेगवेगळं विचारा, आणि संमती कधीपर्यंत मागे घेता येईल तेही लिहा. जे ऐकल्याने कुणी अडचणीत येईल, ते ध्वनिमुद्रितच न करणं हा एकमेव पक्का उपाय. निवेदक ज्या शेजाऱ्याबद्दल, भावाबद्दल बोलतो, त्याने कुठे सही केलेली नसते, हेही विसरू नका.

शेवटची जोखीम म्हणजे तुम्ही स्वतः. अमेरिकी छायाचित्रकार व्हिव्हियन मायर यांनी लाखाहून जास्त छायाचित्रं काढली. सामान ठेवलेल्या गाळ्याचं भाडं थकल्यामुळे 2007 मध्ये त्यांचं सामान लिलावात विकलं गेलं, आणि 2009 मधल्या त्यांच्या मृत्यूनंतर हक्कांवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर दप्तरं धुंडाळत फिरले, 1926 मध्ये धुळ्यात वारले. तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं म्हणून त्यांचा संग्रह राहिला. तुमच्या फाइलींना नावं देण्याची पद्धत, पासवर्ड, संमतीपत्रांची जागा हे एका पानावर लिहून विश्वासातल्या एका माणसाकडे द्या. सामग्री ज्या ग्रंथालयाला किंवा अभिलेखागाराला द्यायची, त्याला पहिल्या मुलाखतीआधीच पत्र टाका : तुम्ही कुठल्या स्वरूपातल्या फाइली घेता, नोंदीत कुठले रकाने लागतात, संमतीपत्राचा तुमचा नमुना आहे का? उत्तर यायला महिना लागला तरी थांबा. तोवर दोनच मुलाखती करा, पण त्या उतरवून, तपासून, सूचीत घालून अगदी पूर्ण करा. तासांचा तुमचा स्वतःचा आकडा त्यातून निघेल. चाळीस मुलाखतींच्या हिशेबाने तो आपल्या 400 पेक्षा फार मोठा निघाला, तर चाळिसांच्या यादीतून पंधरा जण निवडायची वेळ तीच, बाकीच्यांना शब्द देण्याआधी.