कॉफीचं दळण

(दृश्य : सकाळचे सहा. पुण्यातलं एक स्वयंपाकघर. ओट्यावर स्टीलचा फिल्टर, शेजारी हातानं फिरवायचा छोटा ग्राइंडर. बाहेर पाऊस.)

ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. भाकरी थापायला घेतली की कडेनं चिरत जाते. माझी आई परातीकडे नुसतं बघून सांगते, "अगं, हे पीठ मागच्या महिन्यातलं दिसतंय." म्हणून आपल्याकडे दळण बेतानं आणतात. आठवड्याचं, फार तर पंधरा दिवसांचं. गिरणीतून आलेला डबा हाताला कोमट लागला की बरं वाटतं.

पिठाची एवढी पारख असलेल्या याच घरात कॉफीची पूड मात्र सहा-सहा महिने फडताळात पडून असायची. पाहुणे आले की डबा निघायचा, दोन चमचे दुधात उकळले जायचे, आणि कॉफी कडू झाली म्हणून साखर वाढायची. तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं की कॉफीसुद्धा दळणच आहे.

आज या ओट्यावर आपण कॉफी करणार आहोत. विजेवर चालणारं काही नाही. गॅस, पाणी, भाजलेल्या बिया आणि आपले हात.

(दृश्य : बियांची पिशवी. पाठीमागचा शिक्का जवळून.)

बिया घेताना मी आधी तारीख बघते. पॅक केल्याची नाही, भाजल्याची. भाजताना बीच्या आत कर्बवायू साठतो आणि पुढचे काही दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो. अगदी काल भाजलेली बी घेतली तर हा वायू पाण्याला आत शिरू देत नाही. चार-पाच दिवसांनी ती शांत होते, आणि तिथून पुढचा महिनाभर तिचा खरा काळ असतो.

भारतातली सुमारे सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात पिकते. चिकमगळूर, कोडगू, हासन. तिथून पुणं रस्त्यानं एका रात्रीच्या अंतरावर. आपल्या महाराष्ट्रातही मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत, हे पुष्कळांना माहीत नसतं. कॉफीच्या मुख्य जाती दोन. अरेबिका चवीला नाजूक, किंचित आंबूस. रोबस्टा दणकट, कडवट, आणि तिच्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट.

ही बी बघा. कॉफीच्या एका फळात साधारण दोन बिया असतात, एकमेकींना चिकटलेल्या, म्हणून प्रत्येकीची एक बाजू सपाट असते. कधीकधी एकच बी धरते. ती वाटाण्यासारखी गोल होते. दुकानात तिला पीबेरी म्हणतात.

(दृश्य : ग्राइंडरचं झाकण उघडतं. बिया आत पडतात. दांडा फिरू लागतो.)

आता पैसे कुठे घालायचे ते सांगते. एस्प्रेसोचं मशीन हजारोंच्या घरात जातं. फिल्टर तुळशीबागेत चारपाचशे रुपयांच्या आत मिळतो. माझं मत विचाराल तर बाकी सगळं स्वस्तातलं घ्या, पण हाताचा ग्राइंडर बरा घ्या. दीड-दोन हजारांपासून पुढे पोलादी दात्यांचा मिळतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

कारण ग्राइंडर म्हणजे छोटं जातंच आहे. मधे दातेरी शंकू, भोवती दातेरी कडं, आणि दोघांमधली फट आपल्या हातात. जात्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं त्याचा दगड खरबरीत करून, का घ्यायचे? पीठ एकसारखं पडावं म्हणून. इथेही तेच हवं असतं, एकसारखा दाणा. मिक्सरचं पातं दळत नाही, ते तोडतं. त्यात निम्मी भुकटी होते आणि निम्मे तुकडे राहतात. भुकटीतून कडवटपणा उतरतो, तुकड्यांतून कच्चा आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात येतात.

मिक्सरच असेल तर तोही चालतो. दोन-दोन सेकंदांचे झटके द्यायचे, मधे भांडं हलवायचं, आणि मग मैद्याच्या चाळणीतून उडती भुकटी काढून टाकायची. फरक पहिल्याच कपात कळतो.

(नैसर्गिक ध्वनी : दळण्याची घरघर. दहा सेकंद निवेदन नाही.)

हा आवाज ऐकलात? आता बिया संपत आल्या. दांडा एकदम हलका झाला.

हा घमघमाट घरभर पसरतो आणि छान वाटतं, पण जो वास खोलीत गेला तो कपातून गेला. अख्खी बी हा बंद डबा असते. दळली की त्या डब्याला हजार तोंडं फुटतात. म्हणून पाणी आधी तापवायला ठेवायचं आणि दळायचं शेवटी.

आणि बिया फ्रिजमध्ये नकोत. बाहेर काढल्या की त्यांच्यावर दव धरतं. पुण्याच्या पावसाळ्यात पापड सादळतो तशी कॉफीही सादळते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, गॅसपासून लांब. तेवढं बास.

किती जाड दळायचं? माप आपल्या घरातच आहे. फिल्टरला बारीक मिठाएवढं. कागदातून गाळायची असेल तर बारीक रव्याच्या जरा पुढे. नुसती भिजवून करायची असेल तर जाड रवा, लापशीच्या अलीकडचा.

(दृश्य : फिल्टरचे भाग ओट्यावर मांडलेले.)

दोन भांडी, एकावर एक बसणारी. वरच्याच्या तळाला बारीक भोकं. एक दांडीची चकती. एक झाकण. एवढंच हे यंत्र. ना त्याला रबर लागतं, ना दरवेळी नवा कागद.

पंचवीस ग्रॅम पूड वरच्या भांड्यात घालायची. छोटा वजनकाटा असला तर उत्तम, कारण जास्त भाजलेली बी हलकी असते आणि चमच्याचं माप तिथे फसवतं. पूड सपाट करून चकती ठेवायची आणि हलकेच दाबायची. इथे हात बसावा लागतो. गच्च दाबली तर पाणी तुंबून राहतं, सैल सोडली तर सरळ खाली पळतं. मी चकतीवर दोन बोटं ठेवते, बोटांचंच वजन. त्याहून जास्त नाही.

पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबायचं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, म्हणून इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कॉफीला ९० ते ९६ लागतं. त्यामुळे थर्मामीटरवाचून आपलं काम होतं.

आधी थोडंसंच पाणी, पूड भिजेल इतकं. आता जवळून बघा. पूड फुगते. चकतीच्या कडेनं बारीक बुडबुडे येतात, फुटतात, पुन्हा येतात. बीत अडकलेला कर्बवायू बाहेर पडतोय. जुन्या पुडीवर हे होत नाही, ती नुसती भिजून गप्प बसते. कॉफी ताजी आहे की नाही हे ठरवायला मला याहून चांगली खूण माहीत नाही.

अर्ध्या मिनिटानं उरलेलं पाणी चकतीवरच सोडायचं, म्हणजे खालचा थर उखडत नाही. एकूण पाणी एकशेवीस मिली. झाकण लावायचं आणि बाजूला व्हायचं.

(नैसर्गिक ध्वनी : थेंब. टप. टप.)

पंधरा ते वीस मिनिटं लागतात. माझी अंघोळ होते तेवढ्यात. अर्ध्या तासानंही वर पाणी दिसलं तर दळण फार बारीक झालंय किंवा दाब जास्त पडलाय. वरचं भांडं जरासं उचलून परत ठेवलं की अडकलेली हवा सुटते आणि थेंब पुन्हा सुरू होतात. पूड आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी पिऊन बसते, म्हणून खाली सत्तर मिलीच्या आसपास डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, उतरतं. काळं, दाट, बोटाला किंचित तेलकट. दोन कपांचा ऐवज.

(दृश्य : दुसरा ओटा. काचेचा पेला, चमचा, चहाची गाळणी.)

फिल्टरही नसेल तर?

कॉफीच्या धंद्यात बियांची पारख करणारे लोक चव बघताना कॉफी करायचं कुठलंही यंत्र वापरत नाहीत. वाटीत सव्वाआठ ग्रॅम जाडसर पूड आणि त्यावर दीडशे मिली गरम पाणी. पूड वर येऊन साय धरते. चार मिनिटांनी चमच्यानं ती साय मोडतात, तेव्हा नाक वाटीच्या अगदी जवळ असतं. लाखो रुपयांच्या मालाचा भाव या वाटी-चमच्यावर ठरतो.

घरी तेच करायचं. पंधरा ग्रॅम पूड, पाण्याचं माप दोनशे चाळीस मिली, एखादं झाकणाचं भांडं. चार मिनिटांनी साय मोडायची, आणखी दोन-तीन मिनिटं गाळ बसू द्यायचा आणि वरचं निवळ अलगद गाळणीतून ओतायचं. या हिशेबानं अडीचशे ग्रॅमच्या पिशवीत सोळा कप होतात. अख्ख्या पिशवीचे पैसे सोळानं भागून बघा, मग पटेल.

कागदाची गोष्ट मला फार आवडते. १९०८ साली जर्मनीत ड्रेस्डेनमध्ये मेलिटा बेंट्झ नावाच्या गृहिणीनं एका पितळी भांड्याच्या तळाला भोकं पाडली आणि त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घातला. कपात येणाऱ्या गाळाला ती कंटाळली होती. त्याच वर्षी तिनं त्याचं पेटंट घेतलं. आज दुकानात दिसणाऱ्या शंकूच्या आकाराच्या सगळ्या गाळण्या तिच्या त्या भांड्याच्या वंशातल्या. कागद तेलही अडवतो, म्हणून कॉफी पातळ आणि स्वच्छ लागते. ते तेल कोलेस्टेरॉल वाढवतं, तेव्हा ज्यांना ते सांभाळायचंय त्यांनी कागदच वापरावा. गॅसवर ठेवून वाफेच्या दाबानं कॉफी करणारा मोका पॉट आहे, जाळीच्या दट्ट्यानं गाळ खाली दाबणारा फ्रेंच प्रेस आहे, तीही साधी आणि चांगली साधनं आहेत. पण दळण नीट नसेल तर तीही काही करू शकत नाहीत.

(दृश्य : शहराच्या कडेच्या इमारती. टँकरचा पाइप टाकीत.)

पाण्याबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण तिथे मी दोन महिने घालवले.

आम्ही शहराच्या कडेला एका सोसायटीत राहायला गेलो. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. आणि माझी कॉफी बिघडली. बी तीच, माप तेच, पण कपात खडू विरघळल्यासारखी चव. मी तीनदा बिया बदलल्या. ग्राइंडर उघडून साफ केला. मग एकदा आई राहायला आली. तिनं कुकर लावला, चार शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ कच्चीच. तिनं दाणा बोटात दाबून बघितला आणि म्हणाली, "पाणी जड आहे गं इथलं."

पुढच्या वेळी तिच्या नारायण पेठेतल्या घरून मी दोन बाटल्या पाणी आणलं. नळाचं, खडकवासल्याचं. एकाच बीची कॉफी दोन पाण्यांत शेजारी-शेजारी केली. खडकवासल्याच्या कपात संत्र्याच्या सालीसारखा वास होता, तो सोसायटीच्या पाण्याच्या कपात नव्हताच. जड पाण्यातले क्षार कॉफीतली आम्लं मारून टाकतात आणि चव सपाट होते. मशीनमधून फार गाळलेलं पाणीही बरं नाही. त्यात चव धरायला काहीच उरत नाही, कॉफी पोकळ लागते. आता मी तीन भाग गाळलेलं आणि एक भाग बोअरचं उकळलेलं पाणी मिसळते. किटलीच्या तळाला पांढरा थर धरत असेल तर तुमच्या घरीही हे करून बघा.

(दृश्य : दोन कप. एक काळा, एक दुधाचा.)

कॉफी जमली नाही तर जीभ काय सांगते ते ऐकायचं. टोचणारा आंबटपणा आला तर अर्क पुरता उतरलेला नाही, उद्या थोडं बारीक दळा. जीभ कोरडी पडून घसा कडू झाला तर जास्त उतरला, उद्या जाड दळा. एका दिवशी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय कशानं झालं ते कळत नाही.

आता दूध. काळी कॉफीच खरी असं मला मुळीच वाटत नाही. फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली-रूपालीत बसून फिल्टर कॉफी प्यायलेल्या पुणेकराला ते पटणारही नाही. तिथल्यासारखा दाटपणा हवा असेल तर चिकोरीचं मिश्रण घ्या. चिकोरी हे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्यात कॅफीन नसतं, पण रंग आणि अंग येतं. मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असलीच पाहिजे असा नियम आहे आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं. ते वाचून घ्या. मला ८०-२० आवडतं.

आई तिचा कप तिच्या पद्धतीनं करते. एक भाग डिकॉक्शन, तीन भाग गरम दूध, पण पूड दुधात उकळत नाही आता. वरून जायफळ, किसणीवर दोनदाच ओढलेलं. पहिल्यांदा असं केलं तेव्हा साखरेचा चमचा तिच्या हातात होता. एक घोट घेतला, आणि निम्मीच घातली.

(दृश्य : मोरी. फिल्टर उघडला जातो.)

चोथा वाळवून कुंड्यांच्या खतात जातो. फिल्टर गरम पाण्यानं लगेच धुवायचा. साबण नको, वास राहतो. मग वरचं भांडं खिडकीकडे धरून त्यातून उजेड बघायचा. एखादं भोक बंद दिसलं तर तळ क्षणभर गॅसच्या ज्योतीवर धरायचा, आत अडकलेला कण जळून जातो. पुन्हा उजेडाकडे धरायचं. सगळी भोकं दिसली की दोन्ही भांडी फडक्यावर पालथी.