१०० वॅटपेक्षा ४० वॅट जास्त उजळतो तेव्हा

पडद्यावर दोन बल्ब आहेत. एक ४० वॅटचा, दुसरा १०० वॅटचा. दोन्ही जुने, टंगस्टनची तार असलेले, आणि एकसर, म्हणजे एकाच वाटेवर एकापाठोपाठ एक, जोडलेले. आता २३० व्होल्टचा पुरवठा सुरू होतोय.

पाहा. ४० वॅटचा छान उजळला. १०० वॅटच्या आत जेमतेम एक तांबूस रेघ.

काचेवरचा वॅटचा आकडा खरा ठरतो तो बल्बला पूर्ण २३० व्होल्ट मिळाले तरच. तसे मिळाले, तर ४० वॅटच्या तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण १३२० ओहम असतो, १०० वॅटचा ५३०. एकसर जोडणीत दोघांतून एकच धारा, म्हणजे विजेचा प्रवाह, वाहते. पहिल्याने थोडी खाल्ली आणि उरलेली दुसऱ्याला मिळाली, असं होत नाही. बल्बांची अदलाबदल करा, उजेड तोच राहील. धारा सारखी, म्हणून रोध जास्त तिथे व्होल्टही जास्त आणि उष्णताही.

या आकड्यांवरून ४० वॅटच्या वाट्याला १६४ व्होल्ट यायला हवेत. मीटर मात्र त्याहून बरेच जास्त दाखवतो! कारण टंगस्टन तापलं की त्याचा रोध वाढतो, थंड तारेच्या दहा-पंधरा पट होतो. १०० वॅटची तार नीट तापतच नाही. म्हणून तिचा रोध कमी राहतो, म्हणून व्होल्ट आणखी कमी मिळतात, म्हणून ती आणखी थंड. शाळेतल्या गणितात बल्बचा रोध स्थिर धरतात, आणि मला वाटतं, बल्बचा सगळ्यात सुंदर गुण तिथेच हातातून निसटतो.

समांतर जोडणीत, म्हणजे प्रत्येक बल्ब पुरवठ्याला वेगळ्या वाटेने जोडला, तर प्रत्येकाला पूर्ण २३० व्होल्ट. १०० वॅटचा पुन्हा वरचढ, आणि एक काढला तरी दुसरा चालूच.

स्वतः करून पाहायचं असेल, तर टॉर्चचे बल्ब आणि सेल घ्या. घरच्या विजेवर नको.

बल्ब बहुतेकदा स्विच दाबतानाच का जातो, तेही इथेच कळतं. तापून तापून टंगस्टनची हळूहळू वाफ होते आणि तार कुठेतरी बारीक पडते. तो बारीक तुकडा उरलेल्या तारेशी एकसरच जोडलेला असतो. त्याचा रोध जास्त, म्हणून तो जास्त तापतो आणि आणखी झिजतो. मग एके दिवशी थंड तारेतून पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट धारा धावते, आणि तार नेमकी तिथेच वितळते.